पेडलची बटणे मधोमध केल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा – दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणे व संध्याकाळी वाद्यवृंदात ड्रम वाजवणे, राहणार – पाण्याच्या टाकीमागील इमारत, जिन्यासमोरचे दार, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझा थोरला भाऊ आमच्याच वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत असे. तो मागच्या वर्षी वारला. गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची त्याची चार पेडल्स एका फळीवर बसवलेली असून ती फळी वहिनीकडे असते. उद्या सभागृहात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. वहिनीचे म्हणणे एवढेच होते की, वाजवा कोणीही, पण आवाज त्यांचा येऊ द्या. फळीच्या तारा कुजल्या होत्या, म्हणून तिने ती आमच्या नव्या बेसवाल्याकडे दुरुस्तीला दिली. त्यास आम्ही लंबू म्हणतो.

आज दुपारी लंबूने फळी परत आणली. तारा नव्या होत्या, पण पेडल्सची फिरती बटणे सगळी मधोमध आणलेली होती. कोणते बटण कुठवर फिरवायचे यासाठी भावाने वहिनीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. ते डाग समजून लंबूने पुसून टाकले. अक्कल गहाण ठेवली होतीस का, असे मी त्यास विचारले व तशीच फळी उचलून येथे आले. तोही मागोमाग आला.

चोरीस काय गेले, असे हवालदारांनी विचारले. काही नाही. मोडले काय, तर तेही नाही, उलट चकाचक केले आहे. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणून खुलासा करते.

ऑक्टेव्ह पेडलने वाजवलेल्या सुराखाली तोच सूर एक सप्तक खाली निघतो. भाऊ तो इतका कमी ठेवी की कानाला नाही, बसलेल्या खुर्चीला कळे. ओव्हरड्राइव्हने आवाज फाटतो. लोक तो टराटरा फाडतात, भाऊ सर्दी झालेल्या माणसाइतकाच घोगरा करी. कोरसने एका गिटारच्या दोन वाटतात. ते तो वहिनीच्या आवडत्या गाण्यालाच लावी आणि विचारले तर पाय घसरला म्हणे.

चौथे कॉम्प्रेसर. ते जोरात वाजलेले दाबते, हळू वाजलेले उचलते. ते कायम चालू असे. मी एकदा म्हटले, "दादा, याचा तर काही आवाजच येत नाही. कशाला वीज जाळतोस?" तो म्हणाला, "बंद करून बघ, मग कळेल." मी बंद केले. माझे ड्रम एका खोलीत आणि तो दुसऱ्या खोलीत, असे वाटले. वर्षभर मला तसेच वाटते आहे.

लंबूस विचारता तो म्हणाला, "ताई, दुसऱ्याचं पेडल परत करताना बटणं मधोमध करायची, ही आपल्यातली रीत आहे ना? तुमच्या दादांचं म्हणून जास्तच जपून केलं." रीत तशी आहे, हे खरे आहे. मीही तेच केले असते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

हवालदारांनी फळी टेबलावर घेऊन पाहिली. कॉम्प्रेसरला एकच बटण आहे. त्याची टोपी पूर्वीच तुटली असून नुसती दांडी उरली आहे. भाऊ ती पकडीने फिरवी. लंबू म्हणाला, "ते हललंच नाही, म्हणून सोडून दिलं." म्हणजे ते भावाने ठेवले तिथेच आहे. यानंतर मी फळी टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. हवालदारांनी पाणी दिले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फळी मुद्देमाल म्हणून जमा करू नये. बांधताना कोणाचा तरी हात लागेल. बाकी तीन पेडल्स मी व लंबू वहिनीस समोर बसवून जुळवू. चुकले तर ती सांगेल. चौथ्यास कोणी हात लावणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. फळी मांडीवरून खाली न ठेवता सही केल्याने अक्षर वाकडे आले आहे, पण सही माझीच आहे.