मायच्या लुगड्यातला नाला

माहं नाव इंदूबाई, माहेर शिरपूरच्या खालच्या अंगाले, तिथं नाल्याकाठी मायचं वावर, अन् सासर दोन कोसावर, म्हनजे मी दूर कुठं गेलीच नाई. माय उन्हाळ्यात गोधड्या शिवे अन् मले जवळ बसवे. तिचा कायदा एकच, काठापासून टाके धर, चारी अंगानं फेरे घालत आत ये, मधात गाठ मार. तसंच शिवत आली बाप्पा मी, अर्ध्या गावाले पांघरून घातलं, पन काय सांगू ताई तुमाले, हाताले चैन नाई. ते चौकोनावर चौकोन पाह्यले का जीव कोंडते. भाकर तव्यावर टाकून उठतो, चिंध्या काढून बसतो, भाकर जळते, मालक ओरडते.

तं यंदा काय झालं, माही मोठी बहीन, शांताबाई, रिसोडले दिलेली, तिच्या लेकीले दिवस गेले. आमच्यात लेकरू पयल्यांदा निजवाचं तं म्हाताऱ्या मानसाच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीवर, तेवढं आयुष्य त्यालेही लाभावं म्हनून. माय चांगली पिकून वारली, अन् तिचं एकच हिरवं लुगडं उरलं होतं, बाईनं, म्हनजे शांताबाईनं, पेटीत जपून ठेवलेलं. ते घेऊन एसटीनं आली, म्हने इंदे, सरळ शिव, तुह्या डोक्यातला किडा याच्यात सोडू नको. मी म्हनलं हाव.

अन् मनापासून म्हनलं होतं वं ताई. पन लुगडं पसरलं अन् मले मायचं वावरच दिसलं. जिथं रंग विटला तिथं सोयाबीन पिवयं पडते ना, तसं. झालं, कैची घेतली, चढ कापला, उतार कापला, धुरा म्हनजे वावराचा बांध कापला, सगयं वाकडंतिकडं, अन् नाला काढला माह्या जांभळ्या ब्लाउजचा. टाकेही काठापासून नाई, नाल्यापासूनच धरले, पानी पसरते तसे बाहेर बाहेर. मालक म्हने, अवं तुही बहीन मारन तुले. मारू दे म्हनलं, आता कैची चालली ते चालली.

तिथंच फसली मी. मधातून दाट शिवलं तं मधला भाग आखडला अन् काठाले लाटा आल्या, जमिनीवर पसरली का चारी कोपरे वर. तान्ह्या लेकराले त्याच्यावर कसं निजवावं? उसवाले बसली, तं जुनं झिजलेलं कापड, सुईच्या भोकाभोकातून फाटत गेलं. लुगडं तं आता दुसरं येत नाई. अन् तिकडं भाचीले लेक झाली, बाईचा फोन, आन गोधडी. मी आज नेतो उद्या नेतो करत राह्यली.

मंग बाईच आली. पाह्यलं अन् खालीच बसली. मायले कापलं तू इंदे, म्हने, अन् रडली. मीही रडली, पन म्हनलं, बाई, शिव्या दे, मले सरळ शिवताच आलं नसतं. बाई गोधडीवरून हात फिरवत राह्यली, चढावर, धुऱ्यावर, अन् एकदम म्हने, हा नाला इकडून काहून नेला? धुऱ्याच्या खालून जाय ना तो. मी म्हनलं, वरून. ते म्हने, मी धुनं धुवाले जाओ तिथं, तू तवा रांगत होती, तुले काय ठाऊक? लय भांडलो आमी. चहा निवून गेला.

लेकरू सध्या बाईच्या साध्या लुगड्याच्या गोधडीवर निजते. ही अजून माह्या मांडीवरच आहे, नाला उसवून राह्यलो, कापड फाटते, खालून ठिगय लावतो, पुन्हा शिवतो. पोट्टी मायएवढी जगो, मंग हे अंगावर घेवो का न घेवो. रोज सकाळी बाईचा फोन येते, अन् पयले हेच, नाला फिरवला का वं?