गोलू बोक्याची पंगत अन् उमरेडची हळद

हॅलो?... हाव, मीच. दुसरं कोण उचलीन, तुझा गोलू?... ओकला नं! सातले ओकला, आठले पुन्हा. तुम्ही दोघं नवराबायको हैदराबादले, अन् मी इथं सोफ्याखाली मुंडकं घालून पुसून राहिली...

कसा म्हणजे? खाल्ला तसाच बाहेर. पाकिटातले दाणे अख्खे. चावाचं नावच नाही... नाही, रक्तबिक्त काही नाही. शेपटी वर करून हिंडून राहिला, मालक!

दुसऱ्यांदा कसा? पोट रिकामं झालं म्हणून आणखी वाटीभर वाढलं... अगं, ओरडते काहून? तुझ्या ऋषिकेशले असंच वाढवलं मी. लेकराले उपाशी ठेवाची रीत नाही आमच्यात... बोका आहे, माहीत आहे मले.

हाव, हाव... ऐक तं. ताटात पसरून दिलं होतं काल. झाडू मारल्यासारखं साफ केलं त्यानं... खड्ड्याखड्ड्याची वाटी, हळू खावं म्हणून डॉक्टरनं सांगतली ती? शुक्रवारी येईन? अन् माझी एकची बस? आज संध्याकाळी यमुच्या नातवाची हळद आहे उमरेडले. मी मोठी बहीण, पहिलं बोट माझं. मी लावल्याबिगर पंकजले कोणी शिवत नाही... तेच तं! बॅग दाराशी आहे.

थांब, थांब... खड्डे म्हणतलं नं तू? आप्पेपात्र कुठी ठेवलं?... हासू नको. सापडलं. एका खड्ड्यात चार दाणे, सगळ्यात मिळून मूठभर... ए गोलू! ये बाबू... पाय घालू नको, भैताडा. पंजानं उकरून राहिला, मिनल... आता एक एक काढून खाते... चावते वं! कुर्रकुर्र ऐकू येते? हे घे, फोन खाली धरला... आलं ऐकू?... हाव मंग! डॉक्टरनं काय सांगतलं, मी काय केलं!

समोरची प्रियदर्शनी?... तिच्या भरवशावर? कानात ते खुपसून दिवसभर कम्प्युटरसमोर. भांडं ठेवीन अन् पळीन. याच्यापाशी मांडी घालून बसा लागते, पाठीवर हात ठेवा लागते. तिले सात जन्मात जमणार नाही. कोणालेच नाही जमणार, लिहून घे माझ्याकडून...

...काय?... मंग मीच राहू? रविवारलोक, तुम्ही येतपर्यंत?... नाही वं, तसं कुठी... हाव, म्हणतलं मीच. आताच म्हणतलं... पण हळद आज आहे, बाप्पा... नाही, शिकवलं तं प्रियदर्शनीलेही जमते... नाही. बोलली ते बोलली. जनाबाई शब्द फिरवत नाही.

तू काहून रडून राहिली? राहते म्हणतलं नं... ऐक, यमुले तू फोन कर. माझ्याच्यानं नाही होत... गुडघा धरला म्हण. ताप म्हण... बोक्यासाठी राहिली म्हणू नको, पाया पडते. सारा मांडव हासीन.

अन् पहिलं बोट... यमुनंच लावावं म्हण. पण चारचौघीत म्हणाले सांग, का मोठीच्या हुकमानं लावते... हाव, हुकमानं. तोच शब्द... आता म्हणून दाखव, एकदा... अं?... जोरानं म्हण... हाव. असंच. ठेव.