केळीचा चीक लागलेलं पुस्तक

आमच्या मॅडमचा मी एकदा भर कमिटीत जीव काढला होता, ते सांगतो.

शहाद्याकडच्या एका कॉलेजात मी लायब्ररीचा शिपाई, मॅडम ग्रंथपाल. त्यांच्या प्रमोशनसाठी कमिटी आली. फायली बघून झाल्या, सगळं ठीक चाललं होतं. मग कमिटीतल्या मोठ्या साहेबांनी सहज कपाटातलं एक पुस्तक उघडलं. पानापानावर काळे डाग.

"पुस्तकांची ही हालत?"

मॅडमचं तोंड उतरलं. प्रमोशन गेलंच म्हणायचं.

मी मधीच बोललो, "साहेब, मॅडमनं काम खराबच शे."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

"पहिलाना सर कडक व्हतात. कपाटले कायम कुलूप. पुस्तकं एकदम कोरी. मॅडमनी येताच कुलूप काढी टाकं. आते पोरं पुस्तक केळीना वावरमा लई जातस. घड कापतस आनि तठेच बसीसन वाचतस. केळीना चीक लागना का, डाग काही निंघत नही."

साहेबांनी पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शिक्का मारायला जागाच उरली नव्हती. हसले आणि प्रमोशनच्या कागदावर सही केली.

कमिटी गेल्यावर मॅडम माझ्यावर चिडल्या. "काका, मला घाम फुटला होता. सरळ चांगलं बोलता येत नव्हतं का?"

म्हटलं, "मॅडम, मी चांगलं बोलनू का, आठे कोनीच खरं मानत नही."