पायाखालची वाळू

या, जवळ सरका मायबापहो, विलायतेतल्या हॅरोच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कानावर पडलेलं छोटंसं आख्यान ऐका. माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक म्हातारं मराठी ज्यू जोडपं बसलं होतं.

"नाव पुकारलं का गं, सेगुला?"

"बसा हो! चौथ्यांदा उठलात. कॅरिबियनचं बुकिंग आज करायचंय. कुरासाव बेटावर बघा, रंगीत घरं, फ्लेमिंगो, पाण्यावर तरंगणारा पूल…"

"बघा काय? हिवाळ्यापर्यंत नजर जाणार म्हणालेत डॉक्टर. तू बहिणीला घेऊन जा."

"ती पोहायला जाईल. मग मी भांडू कोणाशी?"

"आंधळ्याला बेट दाखवतेस!"

"बरं, गुहा आहेत."

"अंधार मला इथंच मिळेल."

"अहो, ऐका तरी. तिथल्या सिनेगॉगमध्ये जमिनीवर वाळू असते."

"आत? झाडत नाहीत?"

"मुद्दाम पसरतात. जुनी रीत आहे म्हणे."

"आपल्या वाडवडिलांचं गलबत फुटलं, त्या नवगावच्या किनाऱ्यासारखी वाळू?"

"मला काय ठाऊक? चालून तुम्हीच सांगा."

"बूट काढू देतील?"

"विचारू ना."

"विचारायचं कशाला? मी काढणार!"

"हाईम पेणकर!" नर्सनं हाक मारली.

"चला, उठा."

"उठतो गं. विमानात खिडकीची सीट तू घे. आणि उतरेपर्यंत झोपायचं नाही, काय काय दिसतं ते मला सांगत बसायचं."

मायबापहो, आज प्रार्थनेला उभे राहाल, तेव्हा हाईमकाकांची आठवण ठेवा.