राळजाईचा घास आणि भागूबाईचा नारळ

बसा, बसा मंडळी! पुढं जागा आहे. खांबाआड बसलात म्हणून देवाला दिसत नाही, असं थोडंच आहे?

आज प्रश्न अगदी साधा. जपणं म्हणजे काय? सांगा की! कुलपात ठेवणं? फोटो काढून गावभर पाठवणं? का हार घालून हात जोडणं? ...गप्प झालात. बरं झालं! तुम्हालाच उत्तर आलं असतं, तर मला मानधन कशाचं?

तर ऐका. डोंगरापलीकडं एक गाव — कुसळेवाडी. गावची देवी राळजाई. भोगीला तिची जत्रा. नैवेद्य दाखवताना गुरवानं एकच ओळ म्हणायची, बापाची, आज्याची चालत आलेली — "आई मागते राळ्याचा घास!" आता राळा म्हणजे काय? — अहो पाहुणे, मोबाईल ठेवा खाली, मीच सांगतो! मोहरीएवढं पिवळं धान्य. त्याचा मऊसूत भात, वर लोण्याचा गोळा, शेजारी भोगीची भाजी... बघा, मागच्या आजींच्या तोंडाला पाणी सुटलं!

पण कुसळेवाडीत पाट आला. पाटामागून ऊस आला. उसानं राळ्याला रेटत रेटत पार बांधावर नेलं. नवी पोरं मोठी झाली, त्यांनी राळा डोळ्यांनी बघितला नाही. देवीपुढं विकतचे पेढे! ओळ मात्र चालूच — आई मागते राळ्याचा घास. आई मागते, आणि लेकरं पेढ्याचा पुडा सोडतात!

अशात देवस्थानचे अध्यक्ष झाले हैबतराव. भारी हौशी माणूस. माईक दिसला की चप्पल विसरायचे! त्यांनी जाहीर केलं, "यंदा लोप पावलेली परंपरा पुन्हा सुरू! आईला राळ्याचा घास देणारच!" टाळ्या! मग खाली उतरून गुरवाच्या कानात विचारलं, "राळ्याचा म्हणजे रे कशाचा?"

गुरव म्हणाला, "राळेचा असंल की! धुपात टाकतो ती राळ. जुनी मानसं बोलायचीच तसं."

राळ, मंडळी! झाडाचा चीक! निखाऱ्यावर टाकली की भपकन जाळ होतो ती! ती कुटली आणि ढवळली की हो खिरीत! वर काजू, वर वेलची — परंपरा म्हटल्यावर हात आखडता कुणी घ्यायचा? नैवेद्य झाला. मानाचा पहिला घास अध्यक्षांना. हैबतरावांनी तोंडात टाकला, एकदा चावला — आणि जबडा बसला! वरच्या कवळीनं खालच्या कवळीला मिठीच मारली! हातात भाषण, समोर माईक, आणि आवाज काय? "म्म्म! म्म्म!" लोकांना वाटलं, अंगात आलं. बायकांनी ओवाळायला घेतलं!

वाजवा हो बुवा मृदंग, यांना हसून घेऊ द्या.

तेवढ्यात गर्दीतनं एक म्हातारी पुढं झाली. नाव भागूबाई — पण भागूबाईपणा तिच्या गावीही नव्हता! "मुडद्यांनो, देवीला डिंक चारताय?" म्हणाली, आणि काखेतलं मडकं पुढ्यात ठेवलं. "ह्यो राळा! मूठभर शिजवा आईला. बाकी माझा मला परत द्या. बी हाय ते."

आता तुम्ही म्हणाल, थोर बाई! छे हो! खादाड होती. राळ्याचा भात आवडायचा, बास. त्या भातापायी लेकाशी भांडभांड भांडून बांधाकडची एक पट्टी राखायची, दरसाल पेरायची, दरसाल खायची. साऱ्या खोऱ्यात राळा उरला होता तो तेवढ्या मडक्यात.

देवीला घास मिळाला. तेलाच्या गुळण्या करून हैबतरावांचा जबडा सुटला — हे मात्र गावाचं दुर्दैव! लगेच म्हणाले, "हा अमूल्य ठेवा आता मंदिरात जपायचा!" काचेचं कपाट आलं. कुलूप आलं. दिवा, हार, अगरबत्ती. बाहेर फ्लेक्स — 'वारसा जपू या!' त्यावर राळ्याचं कणीस बोटाएवढं, हैबतराव दाराएवढे!

मृग लागला. भागूबाई आली. "अध्यक्ष, बी द्या. वाफसा हाय, पेरायचंय."

"आजी, काहीतरीच काय! एवढा मोलाचा ठेवा मातीत घालायचा?"

ऐकलंत? बी... मातीत घालायचं म्हणजे वाया घालवायचं!

"पुढच्या पिढ्यांनी मग बघायचं काय?"

"बघायचं? आरं, खायाचं हाय ते! किडं लागल्यात त्याला, काचंतनं दिसत्यात मला. यंदा न्हाई पेरलं तर संपला राळा. मग बस तुझी राळ चघळत!"

झालं! म्हातारीवर आरोपांची राळ उडाली. म्हातारी आपमतलबी, म्हातारीचा देवीच्या ठेव्यावर डोळा! आणि मंडळी, इथं माझं हसू थांबतं. ती त्या कपाटापुढं बसून रडली हो. आपल्याच हातचं बी, काचेपलीकडं किडताना बघत रडली.

मंगळवारी ती नारळ घेऊन आली. गुरवाला वाटलं, नवस असेल. "आज्जे, पायरीवर फोड."

"कुठं फोडायचा ते कळतंय मला!" — आणि हाणला काचेवर! खळ्ळकन! मडकं उचललं, राळा ओटीत ओतला आणि निघाली. "चोर! चोर!" सगळी समिती मागं धावली. बांधावर पोचतात तोवर तिनं शेवटची मूठ फेकलेली! हैबतराव ओरडले, "परत वेचून घ्या!" आता मोहरीएवढं बी ढेकळातनं कोण वेचणार? तुम्ही? जा!

निम्मं किडकं होतं, ते गेलं. निम्मं उगवलं. पुढच्या भोगीला देवीला घास मिळाला, भागूबाईला भात मिळाला. आणि फ्लेक्स लागला — 'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून!'

हसलात? हसा, हैबतरावाला पोटभर हसा. आणि मग आपल्या घरात या. लग्नात जात्याला हळदकुंकू लावता ना? मग घरी पीठ कुठलं? पिशवीतलं! आजीच्या हातच्या पदार्थाचं नाव निघालं की डोळे ओले, आणि तोच पदार्थ ताटात आला की, "आज दुसरं काही नाही का?" पोरांना चव लागत नाही म्हणता. अहो, वाढलंय कधी?

आज प्रसादाला साखर नाही. चिमूट चिमूट राळा आहे. तुम्ही काय करणार ते मला ठाऊक आहे — डबीत घालून देवघरात ठेवणार, रोज फूल वाहणार आणि म्हणणार, जपलं! तर जरा वळून दाराकडं बघा. हे बी जिनं आणलंय ती भागूबाई तिथं बसली आहे. मृगानंतर ती घरोघर येणार आहे, तुमच्या परसात काय उगवलंय ते बघायला. आणि येताना, मंडळी, ती नारळ घेऊन येते!