नवं तिच्याच हातचं

लिहा. पन मी जसा बोलून राह्यलो तसंच लिहा, गोडगोड करू नका. माह्यं नाव सखाराम. गाव चामोर्शीच्या पल्याड, वैनगंगेच्या अंगाले, गावाचं नाव नाई सांगत, मंग लोक म्हनतीन डोकऱ्यानं गावाची इज्जत काढली. काढाचीच हाये, पन नाव घेऊन नाई. शाळा म्हनसान तं दुसरीपर्यंत. गुरुजीनं कान पिळला, मी पाटी त्याच्याच पायाशी आपटली अन् घरी आलो, तो आलोच. तवापासून बांधीत, धानाच्या वावरात. धान लावला, धान कापला, मान वाकवली ते रोवनीत, चिखलापुढं, मानसापुढं नाई.

आता नातीचं सांगतो. पौर्णिमा. लेकाची पोरगी. लेक तिकडं सूरजागडच्या लोखंडाच्या खानीवर ट्रक चालवते, महिन्यातून एकडाव तोंड दाखवते, म्हून पोट्टीचं सारं माह्यापाशीच. सून चांगली हाये पन बोलत नाई. घरात बोलाचं काम माह्यं.

तिले नर्स कराचं हे माह्यंच डोकं. विळ्यानं पायाची पिंडरी कापली, पिकली, मी सरकारी दवाखान्यात पडून होतो. तिथी एक सिस्टरबाई, ठेंगनी, पन आवाज असा का अख्खा वार्ड चूप. कोन्या पुढाऱ्याचा मानूस खाटेवर येऊन बसला तं त्याले म्हने, उठा, खाट पेशंटची हाये. अन् मले म्हने, बाबा, गोळी उशीखाली काऊन दडवली, मी काय आंधळी हाये का. दडवली होतीच मी, कडू होती. माह्यावर कोनी आवाज चढवला तं त्याची खैर नसते, पन तिचा आवाज मले आवडला. घरी आलो अन् म्हनलं, असा आवाज आपल्या घरात पायजे.

पोट्टी बारावी झाली, गडचिरोलीले नर्सिंगले नंबर लागला. मले वाटे सुई टोचाले शिकवत असन, झालं. काय सांगू तुमाले, ते पुस्तकं उचलता येत नाई! हाडाहाडाचं नाव वेगळं. सुट्टीत आली का पाठ करत फिरे अन् माह्यावरच हात साफ करे. डोक्याले अशी पट्टी बांधे का शेजारी विचारत, कोनाशी भांडून आले बा. चादर अशी तानून टाके का मले झोपाचं भेव लागे, मोडली तं ओरडन. तिथी पयले रबराच्या बाहुलीवर शिकवतात, बाहुलीले आंघोळ घाला, बाहुलीले सुई मारा, मंग वार्डात सोडतात. पयल्यांदा कोनाची पिकलेली जखम धुतली तवा तिले जेवन गेलं नाई. फोनवर रडे. मी म्हनलं रड, पन तिथीच रड, रडत घरी येऊ नको.

शेवटच्या वर्साले बाळंतपनाच्या खोलीत ड्युटी लागली. हे ध्यानात ठेवा, यातूनच सारं पेटलं. त्याइचा नियम असा का पोरीनं आपल्या हातानं बाळंतपनं केली पायजे. सिस्टर बाजूले उभी राहीन, पन हात पोरीचे. तेवढी झाली नाई तं परीक्षेले बसू देत नाई.

माहा चुलतभाऊ किसन, माह्याहून लहान, घर सामनेच. त्याची सून सुषमा, दिवस भरले तं तिलेबी गडचिरोलीलेच नेली. अन् लेकरू कोनाच्या हातावर आलं? पौर्णिमाच्या. नाळ गळ्याभोवती होती म्हने, सिस्टर सांगे तशी पोट्टीनं सोडवली अन् लेकरू रडलं. किसन्यानं तिथी पोट्टीच्या हातात पेढा ठेवला. पेढा! तो पेढा मी विसरत नाई.

मंग आली दिवाळीची सुट्टी. तवाच आमचं नवं असते. तुमाले मालूम नसन, सांगतो. नवं धान आलं का आमी सरळ खात नाई. सारे भाऊबंद आपापल्या बांधीतलं मूठमूठ धान वडील घरी आनतात, म्हंजे माह्या घरी, मी मोठा न. घरची कुवारी पोरगी ते कांडते, शिजवते, पळसाच्या पानावर पुरख्याइले, मेलेल्या वाडवडलाइले, दाखवते, मंग घासघास घरोघर जाते. तोवर ढोली धानानं भरून असली तरी खाचं जुनंच. माह्या घरी पौर्णिमाच शिजवते, लहान होती तवापासून.

यंदा सारे आले, अंगनात बसले, पोट्टीनं मुसळ उचललं अन् किसन्या खाकरला. दादा, म्हने, वाईट नको मानू, पन यंदा दुसऱ्या पोरीनं शिजवावं. मी म्हनलं काऊन? तो म्हने पोट्टीचे हात रोज कोनाकोनाच्या बाळंतपनात, विटाळ हाये तो, पुरख्याइले कसा चालन. बाकीचे सारे खाली पाहून राह्यले, जसं अंगनात काही उगवून राह्यलं.

माह्यं डोकं फिरलं. मी म्हनलं किसन्या, तुह्या नातवाले पयले कोनाचे हात लागले? त्याले नाई झाला विटाळ? नदीवर नेऊन धुऊन आनला का तू त्याले? तो म्हने दवाखान्याचं वेगळं, देवाचं वेगळं. मी म्हनलं मंग तो पेढा कोनत्या हातात देला होता बे? मी साऱ्याइले म्हनलं, उचला आपापलं धान. माह्या घरी नवं शिजन तं माह्याच पोट्टीच्या हातानं, नाई तं यंदा नवंच नाई. खा जुनं!

अन् पोट्टी? मुसळ ठेवलं अन् आत गेली. सुट्टी सरली तरी घरीच. म्हने, आबाजी, मी नाई जात परत, माह्यापायी भाऊबंदकी तुटाले नको. तिकडून लेकाचा फोन, बाबा, ऐका न, पुढं पोरीचं लग्न हाये. कालेजातून फोन, बाळंतपनाची ड्युटी बाकी हाये, आली नाई तं परीक्षा गेली. किसन्यापेक्षा जास्त राग मले तिचा आला. म्हनलं, तुले आवाज शिकाले धाडलं होतं मी, अन् तू मुसळ ठेवून आत गेली? लेकरू हातावर आलं तवा विचारलं होतं का त्याले, कोन्या घरचं हायेस? म्हने नाई. मंग? सूप घेऊन पाखडत बसली.

त्याच दुपारी वास आला. नव्या तांदळाचा वास लपत नाई बावा. किसन्याच्या घरून! मी काठी घेतली अन् सरळ त्याच्या दारात. काय शिजून राह्यलं, किसन्या? तो म्हने राशनचे तांदूळ हायेत दादा. सारी गल्ली हासली. आतून सुषमा आली, लेकरू कडेवर, म्हने मामंजी खोटं बोलून राह्यले, नवंच हाये, मले घाला म्हून शिजवलं, पन पौर्णिमाले टाळून शिजवलेल्या ताटाले मी हात नाई लावला, सकाळपासून उपाशी हावो.

पौर्णिमा माह्या मागं येऊन उभी होती, मले मालूमच नाई. ते पुढं झाली अन् म्हने, काकू, खा आधी, अंगावर पाजते अन् उपाशी राह्यते? अन् किसन्याले म्हने, आजोबा, लेकराले टोपी काऊन नाई? थंडी सुरू झाली, दवाखान्यात काय सांगतलं होतं तुमाले? आना टोपी!

काय सांगू तुमाले, तोच आवाज! किसन्या, ज्यानं तिले विटाळ म्हनलं, तो गपचूप टोपी शोधाले आत गेला. मी रस्त्यातच काठी आपटून म्हनलं, चाल, पेटी भर. सकाळच्या गाडीनं मीच नेऊन सोडली तिले.

आता परीक्षेचं जवळ आलं. बाळंतपनं पुरी झाली म्हने. किसन्या मले बोलत नाई, मी त्याले बोलत नाई. भाऊबंद घरात लपून नवं खातात, मले वासावरून समजते. मी मात्र, घरचं जुनं सरलं तं राशनचे तांदूळ खाऊन राह्यलो, दाताखाली खडा येते, सामने ढोली भरून हाये. सून म्हनते खाऊन घ्या, लेक म्हनते खाऊन घ्या. पोट्टी फोनवर ओरडते, आबाजी, हट्ट नका करू, अन् गोळी घेतली का, खरं सांगा, उशीखाली तं नाई?

घेतली म्हनतो. घेतोबी.

ते पास होऊन येईन, मुसळ उचलन, तवा नवं होईन. त्या दिवशी तुमीबी या जेवाले. पन दारातच विचारीन, तिच्या हातचं चालते का. चालत असन तं बसा पंगतीले, पोटभर जेवा, सुखी राहा. नाई चालत तं आल्या रस्त्यानं वापस जा.