अंधारातला ढोल

आचऱ्याच्या एसटीत दाजी खिडकीशी बसला होता. बायको जाऊन चार महिने झाले, तरी शेजारची जागा त्याने सवयीने मोकळी ठेवली होती. पुढच्या सीटवर एक शाळकरी मुलगी आजीशी बोलत होती.

"आजी, लढाईतसून देश नि तरणी पोरा काय शिकतत, असो भाषणाचो विषय आसा. आपल्या गावातला कोण लढला?"

"लढूक कोण नाय गो. पण एकाहत्तराच्या लढाईत विमाना येतीत म्हणान दिवे लावूक बंदी होती. अंधारात पोरांच्या होडयेक किनारो गावेना. तेव्हा एका पोरीन देवळातलो ढोल बडयल्यान. त्या आवाजार होडी इली."

"पण त्या ढोलाक बायकांनी हात लावूचो नसता ना?"

"म्हणान तर देवळाचो मानकरी गावकार भडकलो!"

"तिना कोणाक इचारूक नाय?"

"इचारीत रवली असती तर होडी खडपार आपटान फुटली असती."

"मगे गावकारान काय केल्यान?"

"काय करतलो? त्याचोच पोरगो होडयेत होतो!"

"नाव काय तिचा?"

"आठवत नाय."

"नावाशिवाय कसा सांगू गो आजी?"

"शेवंती," दाजी मागून म्हणाला.

मुलीने वही उघडली. "आडनाव, आजोबा?"

"माहेरचा होया, की माजा?"